गोधडी, दमट हवा आणि मुलांचा दमा

मुंबईच्या पूर्व भागात, चेंबूरच्या पलीकडे खाडीच्या काठाला माहुल हे कोळ्यांचे जुने गाव आहे. १९५० नंतरच्या दशकात या परिसरात दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. पुढे खतांचा कारखाना, वीजकेंद्र आणि तेलाच्या व रसायनांच्या टाक्या आल्या. अलीकडच्या काळात येथे सात मजली अशा ७२ इमारतींची वसाहत बांधण्यात आली. मुंबईतील निरनिराळ्या प्रकल्पांसाठी हटविलेली कुटुंबे, आणि विशेषतः २०१७ पासून तानसा जलवाहिनीच्या कडेच्या वस्त्यांतील कुटुंबे, तेथे राहावयास आली. प्रत्येक कुटुंबाला २२५ चौरस फुटांचे एक घर मिळाले.

आता असे समजा, की या वसाहतीतील एका नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दमा आहे. पहाटे त्याला खोकल्याची उबळ येते, छातीत शीळ घातल्यासारखा आवाज होतो आणि धाप लागते. शेजारी म्हणतात, "हा कारखान्यांचा धूर." डॉक्टर विचारतात, "उशी आणि गोधडी शेवटची कधी धुतली होती?" मुलाच्या आईने यांतले कोणाचे खरे मानावे?

दोघांचेही म्हणणे बरोबर असू शकते. परंतु एवढे म्हणून थांबता येत नाही, कारण यांपैकी एका कारणावर घरातल्या घरात बराच इलाज करता येतो आणि दुसऱ्यावर जवळजवळ करता येत नाही. घराच्या हातात काय आहे आणि काय नाही, हे ठरविण्यास शाळेत शिकलेले भौतिकशास्त्र बरेच उपयोगी पडते. ते कसे, हे या लेखात पाहू.

नळी थोडी अरुंद झाली की

दम्यामध्ये श्वासनलिकांना आतून सूज येते, त्यांच्या भोवतालचे स्नायू आकसतात आणि आत चिकट स्राव साठतो. परिणामी हवा जाण्याची वाट अरुंद होते. अरुंद नळीतून प्रवाह जाताना होणारा विरोध हा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. हा प्वाझय याचा नियम संथ प्रवाहाला लागू पडतो. त्रिज्या निम्मी झाली, तर विरोध दुप्पट किंवा चौपट होत नाही, तो सोळापट होतो.

लहान मुलांना दमा अधिक जाचतो, त्याचे एक कारण याच नियमात आहे. समजा, मोठ्या माणसाच्या एका श्वासनलिकेची त्रिज्या ४ मिलिमीटर आहे आणि मुलाच्या तशाच नलिकेची २ मिलिमीटर. दोघांनाही सारखीच, अर्ध्या मिलिमीटरची सूज आली. मोठ्या माणसाची त्रिज्या ३.५ मिलिमीटर होईल आणि विरोध सुमारे १.७ पट वाढेल. मुलाची त्रिज्या १.५ मिलिमीटर होईल आणि विरोध ३.२ पट वाढेल. आकडेमोड तुम्ही स्वतः करून पाहा. सूज तेवढीच, पण श्वास घेण्याचे कष्ट मुलाला कितीतरी अधिक.

अंथरुणातले रहिवासी

घरातील धुळीने दमा उसळतो, हे वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत होते. पण धुळीतील नेमका कोणता पदार्थ हे करतो, हे १९६० नंतरच्या दशकात नेदरलँड्समधील लायडन येथे फोरहोर्स्ट, स्पिकस्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले. दमट घरांतील धूळ अधिक त्रासदायक असते, असे त्यांच्या ध्यानात आले. अशा धुळीत त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली आठ पायांचे इवले प्राणी आढळले. हे कोळी व गोचीड यांच्या गोतातले प्राणी. त्यांना माइट म्हणतात. त्यांची लांबी जेमतेम पाव ते एक-तृतीयांश मिलिमीटर असून अंग पारदर्शक असते. त्यामुळे ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ते चावत नाहीत की रक्त पीत नाहीत. आपल्या त्वचेचा जो सूक्ष्म कोंडा रोज झडतो, त्यावर ते जगतात. साहजिकच हा कोंडा जेथे सर्वांत अधिक पडतो, त्या गादी, उशी, गोधडी, सतरंजी आणि कापडी खेळण्यांत त्यांची वस्ती असते. आपल्याकडच्या उष्ण व दमट प्रदेशांत याच्या जोडीला ब्लोमिया नावाची दुसरी जातही सापडते.

१९८१ मध्ये आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. त्रास मुख्यतः माइटच्या शरीरापासून होत नसून त्याच्या विष्ठेच्या कणांपासून होतो. एक माइट दिवसाला असे सुमारे वीस कण टाकतो. त्या कणांत माइटच्या पचनाची प्रथिने असतात. कण श्वासनलिकेच्या ओल्या अस्तरावर पडला, की ही प्रथिने त्यातून लगेच विरघळून बाहेर येतात. काही मुलांचे शरीर या निरुपद्रवी प्रथिनांना शत्रू समजून त्यांच्याविरुद्ध 'आय-जी-ई' या जातीची प्रतिपिंडे तयार करते. पुढच्या वेळी तेच प्रथिन आले, की ही प्रतिपिंडे विशिष्ट पेशींना हिस्टामिनसारखी द्रव्ये सोडावयास लावतात आणि नलिका सुजते, आकसते. यालाच ॲलर्जी म्हणतात. सर्वच मुलांच्या गोधडीत माइट असू शकतात, पण दमा सर्वांना होत नाही. दम्याच्या प्रत्येक मुलाला माइटचीच ॲलर्जी असते असेही नाही. कोणाला झुरळांची असते, कोणाला बुरशीची. ते तपासून सांगण्याचे काम डॉक्टरांचे.

पाणी न पिता जगणारा प्राणी

माइट पाणी पीत नाही. मात्र त्याच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाण्याचा असतो. हे पाणी तो हवेतून घेतो. पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिली, की मीठ पाणावते, हे तुम्ही पाहिले असेल. माइटच्या पुढील पायांजवळच्या ग्रंथींतून असाच क्षारयुक्त द्रव झिरपतो. तो हवेतील बाष्प शोषून घेतो व ते पाणी त्याच्या तोंडाकडे वाहत जाते. हवा पुरेशी दमट असेपर्यंतच ही युक्ती चालते. सापेक्ष आर्द्रता साधारण ६५ ते ७० टक्क्यांच्या वर असेल, तर माइटची भरभराट होते. ती ५० टक्क्यांच्या खाली दीर्घकाळ राहिली, तर आठवड्या-दीड आठवड्यात तो वाळून मरतो.

मुंबईत पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. शिवाय अंथरुणात माणसाची ऊब आणि घाम यांची भर पडते. म्हणजे किनाऱ्यावरील शहराने माइटला आयताच निवारा दिला आहे.

लहान खोलीत ही स्थिती आणखी बिघडते. २२५ चौरस फूट म्हणजे सुमारे २१ चौरस मीटर. छताची उंची २.७ मीटर धरल्यास खोलीत ५७ घनमीटर हवा मावते. २८ अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम बाष्प राहू शकते. म्हणून पूर्ण खोलीची मर्यादा सुमारे दीड किलोग्रॅम एवढी झाली. आर्द्रता आधीच ८० टक्के असेल, तर उरलेली जागा फक्त ३०० ग्रॅम बाष्पाची. आता पावसामुळे बाहेर जागा नाही म्हणून आईने पिळलेल्या कपड्यांची एक बादली आत दोरीवर वाळत घातली, तर त्यांतून सहज एक लिटर पाणी हवेत जायचे असते. चार माणसांच्या श्वासातून व घामातून दर तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास भर पडते, ती निराळीच. कोणतीही खोली हवाबंद नसते, त्यामुळे बरेचसे बाष्प खिडकी-दारांतून बाहेर जाते. परंतु खिडकी बंद ठेवली तर ते भिंती व अंथरुणे शोषून घेतात. माहुलसारख्या ठिकाणी बाहेरचा वास येतो म्हणून लोक खिडकी लावून घेतात, तेव्हा आतला दमटपणा वाढतो. असे हे दुहेरी संकट आहे.

कोणता कण किती वेळ तरंगतो?

माइटच्या विष्ठेच्या कणाचा व्यास साधारण २० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग असतो. स्टोक्सच्या नियमानुसार लहान कणाचा हवेतून खाली पडण्याचा वेग त्याच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. पाण्याएवढ्या घनतेचा २० मायक्रोमीटरचा कण सेकंदाला सुमारे १.२ सेंटिमीटर वेगाने पडतो. दीड मीटर उंचीवरून स्थिर हवेत जमिनीवर यावयास त्याला दोनच मिनिटे लागतात. खोलीतील हवा हलत असल्याने प्रत्यक्षात थोडा अधिक वेळ लागतो, तरी अर्ध्या तासात बहुतेक कण खाली बसतात.

याचा अर्थ असा, की हे कण दिवसभर घरात तरंगत नसतात. ते कापडात पडून असतात आणि अंथरूण झटकले, गोधडी ओढली किंवा कूस बदलली, की उडतात. झोपलेल्या मुलाचे नाक तर उशीला टेकलेलेच असते. या मोठ्या कणांपैकी पुष्कळसे नाकात व घशात अडतात. जे थोडे पुढे जातात, ते मात्र प्रथिनाचा भरपूर साठा घेऊन जातात.

आता २ मायक्रोमीटर व्यासाचा धुराचा कण घ्या. व्यास दहा पट लहान, म्हणून वेग शंभर पट कमी. तेच दीड मीटर अंतर पडावयास त्याला साडेतीन तास लागतील. तेवढ्या वेळात वारा त्याला कित्येक किलोमीटर दूर नेऊ शकतो. रासायनिक वायू आणि वाफा तर खाली बसतच नाहीत. त्या हवेत मिसळून जातात आणि खिडकीच्या फटीतून घरात येतात.

आईच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळू लागते. जे लवकर खाली बसते ते कापडात सापडते, आणि जे कापडात सापडते ते धुता येते. जे खाली बसत नाही, ते घरात कितीही झाडलोट केली तरी जात नाही.

उन्हाचे काम, पाण्याचे काम

आपल्याकडे घटस्थापनेपूर्वी घरातील सर्व अंथरुणे-पांघरुणे धुऊन उन्हात घालण्याची पद्धत आहे. पावसाळ्याच्या दमट महिन्यांत माइटची संख्या वाढलेली असते. त्यानंतर लगेच हे धुणे होते. म्हणजे वेळ अगदी योग्य आहे. मात्र ऊन आणि पाणी यांची कामे वेगवेगळी आहेत.

ऊन माइटला मारते. २८ अंशांच्या व ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत जेवढे बाष्प असते, तेवढेच बाष्प ठेवून कापडातील हवा ५० अंशांपर्यंत तापविली, तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे २५ टक्क्यांवर येते. उष्णता आणि कोरडेपणा यांचा असा एकत्र मारा माइटला सोसत नाही. ऑस्ट्रेलियात गालिच्यांवर केलेल्या प्रयोगात कडक उन्हाने सर्व माइट मेल्याचे दिसून आले आहे. परंतु माइट मेला तरी त्याचे विष्ठाकण कापडातच राहतात, आणि त्यांतील प्रथिन उन्हाने सहजी नष्ट होत नाही.

ते काम पाण्याचे. हे प्रथिन पाण्यात विरघळते, त्यामुळे साध्या थंड पाण्यात साबणाने धुतले तरी त्याचा बहुतेक भाग निघून जातो. थंड पाण्याने माइट मात्र फारसे मरत नाहीत. त्यासाठी पाणी ५५ अंश किंवा अधिक गरम लागते. एक भाग उकळते पाणी आणि एक भाग २८ अंशांचे नळाचे पाणी मिसळले, तर मिश्रणाचे तापमान गणिताने ६४ अंश येते. बादली व कापड थोडी उष्णता घेतात, तरीही दहा मिनिटे भिजवावयास ते पुरेसे ठरते. एवढ्या पाण्याने हात भाजतो, म्हणून हे काम मोठ्यांनीच करावे. गॅस परवडत नसेल, तर थंड पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळविणे हा चांगला मार्ग आहे. दोन्ही कामे त्यात होतात.

अभ्रे व चादरी दर आठवड्याला धुवाव्यात. भरलेली गादी धुता येत नाही, तिला घट्ट विणीची खोळ घालावी. खोळीची छिद्रे १० मायक्रोमीटरपेक्षा लहान असली, की कण बाहेर पडत नाहीत. जुन्या साड्यांचे अनेक थर शिवलेली जाड वाकळ दम्याच्या मुलाला देण्याऐवजी सहज धुता येईल असे पातळ पांघरूण द्यावे. कापडी बाहुली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एक दिवस फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावी आणि मग धुवावी. अंथरूण झटकताना मुलाला खोलीबाहेर पाठवावे.

याचा उपयोग किती? इंग्लंडमधील मँचेस्टर भागात माइटची ॲलर्जी असलेल्या २८४ मुलांवर झालेला एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या गाद्या-उशांना माइटरोधक खोळी होत्या, अशा शंभरातील २९ मुलांना वर्षभरात तातडीने रुग्णालय गाठावे लागले. साध्या खोळीच्या गटात हा आकडा ४१ होता. फायदा खरा, पण मर्यादित. मोठ्या माणसांवरील प्रयोगांत नुसत्या खोळींचा उपयोग दिसला नाही. म्हणून धुण्याला औषधाचा पर्याय समजू नये. दम्याचा मुख्य उपचार म्हणजे डॉक्टरांनी दिलेले, श्वासावाटे घ्यावयाचे सूज कमी करणारे औषध. 'पंपाची सवय लागते' हा गैरसमज आहे. बरे वाटले म्हणून मनानेच औषध थांबविणे धोक्याचे असते.

ऊन मिळावयाचे कोठून?

वरील सल्ला देणे सोपे आहे. पण गोधडीला ऊन मिळाले पाहिजे. समजा, २१ मीटर उंचीच्या दोन इमारती पूर्व-पश्चिम पसरल्या असून त्यांत ३ मीटरच अंतर आहे. मुंबईचे अक्षांश १९ अंश आहेत. घटस्थापनेच्या सुमारास, सप्टेंबरअखेर, दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ७१ अंश उंच असतो. त्रिकोणमितीने पाहिल्यास तेव्हा ऊन भिंतीवर वरून सुमारे ८.७ मीटर, म्हणजे वरच्या तीन मजल्यांपर्यंत पोहोचते. २२ डिसेंबरला सूर्याची उंची ४७.५ अंशच असते आणि ऊन ३.३ मीटरपर्यंत, म्हणजे फक्त सर्वांत वरच्या मजल्याला मिळते. खालच्या खिडक्यांना तेव्हा ते दिसत नाही.

ही केवळ कागदावरची शंका नव्हे. गोवंडी-मानखुर्दकडील अशाच दाटीच्या पुनर्वसन वसाहतींत झालेल्या आणि २०१८ मध्ये समोर आलेल्या एका अभ्यासात, ऊन व वारा न मिळणाऱ्या घरांचा क्षयरोगाशी संबंध दिसून आला होता. इमारतींमधील अंतर नकाशावर ठरते. एकदा ठरले, की राहणाऱ्याला ते बदलता येत नाही. गच्ची मात्र सर्वांना खुली ठेवता येते. दर आठवड्याला आळीपाळीने एकेका मजल्याची अंथरुणे गच्चीवर वाळविण्याची सोय सोसायटीला सहज करता येईल.

जे धुता येत नाही

आता शेजाऱ्यांच्या म्हणण्याकडे वळू. चेंबूरच्या हवेची चौकशी नवी नाही. केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांनी सहकाऱ्यांसह १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लालबाग, चेंबूर, खार आणि एक ग्रामीण भाग यांतील लोकांच्या छातीच्या आरोग्याचा तुलनात्मक अभ्यास केला होता. पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१५ च्या निकालात, माहुल व आंबापाडा येथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे म्हटले. त्यात केईएम रुग्णालयाच्या पाहणीचा आधार होता. त्या पाहणीत ६७.१ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा धाप लागत असल्याचे सांगितले होते. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, माहुलमध्ये राहू न इच्छिणाऱ्या पुनर्वसित कुटुंबांना दुसरीकडे घरभाड्यासाठी दरमहा १५,००० रुपये देण्याचा आदेश दिला.

प्रदूषित हवा आणि माइट यांचे परस्परांशी नातेही आहे. ओझोन, डिझेलचा धूर यांसारख्या प्रदूषकांनी श्वासनलिकेचे अस्तर आधीच चिडलेले असेल, तर एरवी सोसला गेला असता एवढासा ॲलर्जीचा पदार्थही त्रास देतो. म्हणून माहुलच्या मुलाने गोधडी धुतल्याचा फायदा होईल, पण तो कारखान्यांची हवा सुधारल्याच्या बदल्यात नव्हे. 'अंथरूण स्वच्छ ठेवा' असे आईला सांगताना, वायू मोजणे, गळती रोखणे आणि वस्ती कोठे वसवावी हे ठरविणे ही कारखान्यांची व शासनाची कामे आहेत, याचा विसर पडता कामा नये. आणि बाहेरची हवा सुधारेपर्यंत घरातले हातचे उपाय थांबविण्याचेही कारण नाही.

करून पाहा

सारखेच माप दाखविणारे दोन तापमापी घ्या. एकाच्या फुग्याभोवती मलमलीची ओली चिंधी गुंडाळा आणि तिचे टोक पाण्याच्या बाटलीत सोडा. पाच मिनिटे वारा घालून दोन्हींवरील वाचन घ्या. दोन्ही वाचनांतील फरक जितका कमी, तितकी हवा दमट. कोरडा तापमापी २८ अंश आणि ओला २५ अंश दाखवीत असेल, तर सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या जवळपास आहे. इतर वाचनांसाठी प्रयोगशाळेतील आर्द्रतेचा तक्ता वापरा.

हे वाचन खिडकी बंद असताना, खिडकी उघडून, आणि खोलीत कपडे वाळत असताना असे तीनदा घ्या. पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत दर आठवड्याला नोंद ठेवा. वर्गात कोणाला दमा असेल, तर त्याला खोकला किंवा धाप कोणत्या दिवशी लागली आणि त्या दिवशी बाहेर कसला वास होता का, हेही त्याच्या संमतीने त्याच वहीत लिहा. अशी तारीखवार वही डॉक्टरांना उपयोगी पडते. अनेक घरांच्या वह्या एकत्र आल्या, तर हवेबद्दल तक्रार करावयासही त्या उपयोगी पडतील.